मधुमेह, धमन्या आणि झाडपाला

मेथी, गुग्गुळ, अर्जुनसाल, आवळा... घरात कुणाला मधुमेह झाला की या नावांची चर्चा सुरू होते. यातले रक्तवाहिन्यांना खरोखर वाचवते काय आणि नुसता मनाला दिलासा देते काय? वनस्पतींनी मधुमेही रुग्णांच्या धमन्यांसाठी आजवर काय दिले, त्याचा झाशीपासून मुंबईपर्यंत घेतलेला हा मागोवा.

‘साखर थोडी वाढली आहे,’ असे डॉक्टरांनी सांगितले की आपल्या घरात सर्वात आधी चहातली साखर बंद होते. मग लाडवांचा डबा वरच्या फळीवर जातो. शेजारच्या काकू कारल्याचा रस सुचवतात, गावाकडचे मामा कसलीशी मुळी पाठवतात. सगळ्यांचे लक्ष एकाच आकड्यावर खिळलेले असते, उपाशीपोटीची साखर किती?

पण मधुमेहाचा खरा घाला वेगळ्याच जागी पडतो. मधुमेही रुग्णांच्या मृत्यूचे सर्वात मोठे कारण रक्तातली साखर स्वतः नसते, तर तिने वर्षानुवर्षे पोखरलेल्या रक्तवाहिन्या असतात. हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका मधुमेहींना इतरांच्या तुलनेत दुप्पट ते चौपट असतो. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या की साधी ठेच बरी होत नाही. जखम चिघळते आणि कधी कधी बोट किंवा पाय गमवावा लागतो. शिवाय मधुमेहाने मज्जातंतूही बधिर होतात. त्यामुळे काही रुग्णांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला तरी छातीत कळ येत नाही. नुसता थकवा, घाम, धाप, अपचन झाल्यासारखे वाटणे, एवढ्यावर तो निभावल्यासारखा दिसतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले आहे की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असते. हृदयविकाराचा पहिला झटकाही आपल्याकडे लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांचे त्या वेळचे सरासरी वय ५३ होते, तर इतर देशांतील रुग्णांचे जवळजवळ ५९. म्हणजे मुलांची शिक्षणे, लग्ने अजून व्हायची असतात, अशा वयात कर्त्या माणसाला हा आजार गाठतो.

धमनीत घडते काय?

धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एक अत्यंत नाजूक थर असतो. साध्या भिंगाखालीही दिसणार नाही इतका तो पातळ आहे. रक्त गुठळी न होता वाहते ठेवणे आणि गरजेप्रमाणे धमनी सैल वा आखूड करणे हे त्याचे काम. रक्तात साखर जास्त झाली की ती प्रथिनांना चिकटू लागते. जिलबीचा पाक बोटांना चिकटावा तशी. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी ‘एचबीए१सी’ ही तपासणी याच चिकटण्याचे मोजमाप आहे. फक्त तिथे साखर रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली असते. हीच क्रिया धमन्यांच्या भिंतीतही चालू राहते आणि त्या कडक होत जातात.

नाजूक थराला इजा झाली की त्यातून कोलेस्टेरॉलचे कण भिंतीत शिरतात. मधुमेहात हे कण आकाराने लहान असतात, त्यामुळे ते सहज घुसतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी धावून येतात आणि चरबीने फुगून तिथेच अडकतात. असा हा थर वाढत जातो. एके दिवशी तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि प्रवाह बंद पडतो.

म्हणजे धमनीवर हल्ला करणारा शत्रू चार दारांनी येतो. रक्तातली साखर, रक्तातली चरबी, रक्ताचा दाब आणि रक्ताची गुठळी. यांतल्या प्रत्येक दारावर उभा राहणारा एखादा पहारेकरी वनस्पतींनी आपल्याला दिला आहे. कोण किती टिकला, ते पाहण्यासारखे आहे.

चरबीच्या दारी गुग्गुळ

झाशी म्हटले की आपल्याला राणी लक्ष्मीबाई आठवते, नेवाळकरांचा किल्ला आठवतो. पेशव्यांच्या सुभेदारांबरोबर गेलेली मराठी घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. पण औषधी वनस्पतींच्या नकाशावरही या शहराला स्थान आहे. केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेची एक संस्था झाशीत आहे. पूर्वी ती राष्ट्रीय वृक्षायुर्वेद संशोधन संस्था या नावाने ओळखली जात असे. औषधी वनस्पतींची लागवड, त्यांची नेमकी ओळख आणि शुद्धतेच्या कसोट्या हे तिच्या कामाचे विषय. १९१७ साली सुरू झालेल्या बैद्यनाथ आयुर्वेद भवनाचा मोठा कारखाना याच शहरात आहे. विदर्भातल्या वाचकांना या संस्थेचा नागपूरचा कारखाना परिचित असेल. आणि १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयही इथेच आहे. काढा आणि गोळी दोन्ही एकाच गावात नांदतात.

झाशीहून ग्वाल्हेर शंभर किलोमीटरवर. त्याच्या पलीकडे भिंड-मुरैनाचा, चंबळच्या घळींचा रखरखीत मुलूख सुरू होतो. तिथे, तसेच राजस्थान आणि गुजरातच्या कोरड्या भागात, गुग्गुळाचे काटेरी झुडूप वाढते. त्याच्या सालीला चीर दिली की डिंक पाझरतो. तोच आपला गुग्गुळ. योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ ही नावे आपल्या आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात असायचीच.

या डिंकाला आधुनिक प्रयोगशाळेत नेले ते डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी. काशी हिंदू विद्यापीठात संशोधन करताना त्यांनी सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन वाचले. मेद वाढल्याने शरीरातील मार्ग अडतात हे त्यातले निरूपण त्यांना धमन्यांच्या विकाराशी जुळणारे वाटले, आणि त्यावरचे औषध म्हणून गुग्गुळाचा उल्लेख होता. त्यांनी सशांना चरबीयुक्त आहार दिला आणि काहींना सोबत गुग्गुळ दिला. गुग्गुळ दिलेल्या सशांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल कमी राहिले, धमन्यांचे नुकसानही कमी झाले. १९६६ साली त्यांनी हा प्रबंध सादर केला. पुढे त्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या.

लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने हा धागा पुढे नेला. गुग्गुळातील ‘गुग्गुलस्टेरॉन’ नावाची द्रव्ये ओळखली गेली. देशातल्या रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध म्हणून गुग्गुळाचा अर्क बाजारात आला. भारतीय ग्रंथातून निघालेले, भारतीय प्रयोगशाळेत सिद्ध झालेले औषध म्हणून त्याचे कौतुक झाले, आणि ते रास्तही होते. २००२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी हे द्रव्य यकृतातील पित्ताम्लांशी संबंधित एका ग्राहकावर काम करते हेही शोधून काढले.

मग २००३ साली फिलाडेल्फियात एक काटेकोर चाचणी झाली. कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ माणसांचे गट केले. काहींना गुग्गुळाचा अर्क, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. आठ आठवड्यांनी पाहिले तर खोटी गोळी घेणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल पाच टक्क्यांनी उतरले होते, आणि गुग्गुळ घेणाऱ्यांचे चार-पाच टक्क्यांनी चढले होते! काही जणांच्या अंगावर पुरळही उठले.

भारतीयांचा आहार वेगळा, रुग्ण वेगळे, अर्कही वेगळा, असे युक्तिवाद झाले. त्यात तथ्य असेलही. पण गुग्गुळ घेणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके कमी येतात, हे दाखवणारी मोठी चाचणी आजवर झालेली नाही. आणि मधुमेही माणसाला खरे उत्तर हवे असते ते याच प्रश्नाचे.

दरम्यान झुडपाचेच हाल झाले. गुग्गुळाचे रोप सावकाश वाढते. डिंक काढण्याजोगे व्हायला त्याला कित्येक वर्षे लागतात आणि एका हंगामात एक झुडूप काही शे ग्रॅमच डिंक देते. जास्त डिंकाच्या लोभाने खोल घाव घातले, घावांवर लेप लावले की झुडूप वाळून जाते. २०१५ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने गुग्गुळाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी केली. बाजारात गुग्गुळ म्हणून जे मिळते ते अस्सल आहे का, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो आणि वनस्पतींची ओळख पटवणाऱ्या संस्थांचे मोलही त्यामुळेच कळते.

चरबीच्या दारावर आज सर्वात भक्कम उभे असलेले औषध ‘स्टॅटिन’ या वर्गातले आहे. तेही निसर्गातूनच आले, पण झाडातून नव्हे, बुरशीतून. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७३ साली ते एका निळ्या-हिरव्या बुरशीत सापडले. २००४ साली पूर्ण झालेल्या एका चाचणीत मधुमेह असलेल्या पण हृदयविकार नसलेल्या २,८३८ जणांपैकी निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम ॲटोर्वास्टॅटिन दिले. त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या.

दाबाच्या दारी सर्पगंधा

आता मुंबईकडे वळू. रक्तदाब कमी करणारे खात्रीचे औषध जगात जवळजवळ नव्हते, त्या काळात आपल्याकडचे वैद्य सर्पगंधेची मुळी निद्रानाशावर आणि उन्मादावर वापरत. कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्याने रक्तदाब उतरतो अशी नोंद केली. मुंबईचे हृदयविकारतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती आपल्या रुग्णांवर पद्धतशीरपणे वापरली आणि ५० रुग्णांचे निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. सगळ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले मुख्य द्रव्य, ‘रेसर्पिन’, वेगळे केले गेले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आज मात्र रेसर्पिन फारसे लिहून दिले जात नाही. काही रुग्णांना त्याने औदासीन्य यायचे, नाक चोंदायचे. पुढे त्याहून सुसह्य औषधे निघाली. पण रक्तदाब औषधाने उतरवता येतो ही वाट त्या मुळीने दाखवली. ती वाट किती मोलाची होती ते १९९८ साली कळले. इंग्लंडमध्ये मधुमेहींचा रक्तदाब काटेकोरपणे ताब्यात ठेवला तेव्हा पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले.

साखरेच्या दारी एक रानटी फूल आणि सफरचंदाची साल

मधुमेही माणसाच्या घरात ‘मेटफॉर्मिन’ हे नाव माहीत नाही असे सहसा होत नाही. ही स्वस्त गोळी एका वनस्पतीची नात आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची, शेंगा येणारी वनस्पती आहे. तिच्यातल्या एका द्रव्याने साखर उतरते हे कळले, पण ते द्रव्य विषारी होते. जास्त खाल्ले तर जनावरेही दगावत. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच घडणीची, पण सौम्य रसायने तयार केली. १९५७ साली पॅरिसचे डॉ. ज्यां स्टर्न यांनी त्यांतले मेटफॉर्मिन मधुमेहींना दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंग्लंडमधील दीर्घ अभ्यासात १९९८ साली दिसले की वजन जास्त असलेल्या मधुमेहींना ही गोळी दिली तर हृदयविकाराचे झटके ३९ टक्क्यांनी कमी होतात.

दुसरी गोष्ट सफरचंदाच्या झाडाची. १८३५ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या मुळांच्या सालीतून ‘फ्लोरिझिन’ नावाचे कडू द्रव्य काढले. ते दिले की लघवीवाटे साखर जाऊ लागते. कित्येक दशके हा नुसता प्रयोगशाळेतला चमत्कार होता, कारण ते पोटातून नीट शोषले जात नसे आणि त्याने जुलाब होत. मग त्याच्या रचनेत बदल करून आजच्या ‘ग्लिफ्लोझिन’ वर्गातील गोळ्या तयार झाल्या. २०१५ साली त्यांतल्या एम्पाग्लिफ्लोझिनची ७,०२० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सर्वांना मधुमेह आणि जोडीला हृदय वा रक्तवाहिन्यांचा विकार होता. हृदयविकाराने व तत्सम कारणांनी होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. या गोळ्यांचेही काही त्रास आहेत, त्यामुळे त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात.

या दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे. वनस्पती जशीच्या तशी वापरली असती तर एकीने विषबाधा झाली असती आणि दुसरीने जुलाब. औषध झाले ते तिच्यातले द्रव्य ओळखून, सुधारून, मात्रा ठरवून आणि हजारो माणसांवर पारखून.

गुठळीच्या दारी वाळुंजाची साल

ॲस्पिरिनचे मूळ आपल्या वाळुंजाच्या जातीतल्या युरोपीय झाडात आहे. त्याच्या सालीचा काढा तिकडे तापावर देत. त्या सालीतल्या द्रव्याच्या कुळातले रसायन सुधारून १८९७ साली जर्मनीत ॲस्पिरिन तयार झाले. पुढे कळले की ते रक्तकणिकांना एकमेकींना चिकटू देत नाही.

मग प्रत्येक मधुमेह्याने ते रोज घ्यावे का? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या १५,४८० मधुमेहींवरील चाचणीने याचे सावध उत्तर दिले. ज्यांना अजून हृदयविकार झालेला नाही अशा मधुमेहींमध्ये ॲस्पिरिनने रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना १२ टक्क्यांनी कमी झाल्या, पण मोठा रक्तस्राव होण्याचे प्रमाण २९ टक्क्यांनी वाढले. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले. झटका येऊन गेलेल्यांसाठी मात्र ॲस्पिरिन आजही उपयुक्त मानले जाते. ते कोणाला द्यायचे हे डॉक्टरच ठरवू शकतात. ‘रक्त पातळ होते’ म्हणून शेजाऱ्याची गोळी आणून घेऊ नये.

आणखी एक धडा इथे आठवतो. १९९० च्या दशकात ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. गाजरातले बीटा-कॅरोटीन, तेलबियांतले ई जीवनसत्त्व गोळ्यांतून घेतले की धमन्या सुरक्षित, असे वाटू लागले. तर्क बिनतोड होता. पण २००० साली ९,५४१ जणांवरील एका मोठ्या चाचणीत, ज्यात साडेतीन हजारांहून अधिक मधुमेही होते, ई जीवनसत्त्वाने हृदयविकाराला काहीही आळा बसला नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या तर १९९४ साली त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला आढळला. गाजर खाणे चांगलेच. पण गाजरातले एक द्रव्य गोळीत भरले की गाजराचे सगळे गुण गोळीत उतरतात असे नाही.

ताटातले औषध

मग घरच्या माणसांच्या हाती काहीच नाही का? आहे, आणि बरेच आहे. फक्त त्याची जागा औषधाच्या बाटलीत नसून ताटात आहे.

मेथी घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. आर. डी. शर्मा यांनी १९८० आणि ९० च्या दशकांत मेथीच्या बियांवर अनेक प्रयोग केले. मधुमेहींना रोज २५ ग्रॅम मेथीपूड अन्नातून दिली तेव्हा रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरल्याचे त्यांना दिसले. मेथीतला बुळबुळीत तंतू आतड्यात साखर आणि चरबी सावकाश शोषू देतो. पण २५ ग्रॅम म्हणजे चहाचे सहा-सात चमचे! सकाळी चार दाणे गिळून तो परिणाम मिळणार नाही. आणि एकदम एवढी मेथी पोटाला सोसतही नाही. भिजवून, मोड आणून, भाकरीच्या पिठात मिसळून प्रमाण हळूहळू वाढवावे, आणि ते डॉक्टरांना सांगून, कारण त्यामुळे गोळ्यांची मात्रा बदलावी लागू शकते.

दुसरे धान्य आहे सातू, म्हणजे जव. बुंदेलखंडात उन्हाळ्यात हरभऱ्याबरोबर जव भाजून त्याचे सत्तू पाण्यात कालवून पितात. या धान्यात ‘बीटा-ग्लुकन’ नावाचा विरघळणारा तंतू भरपूर असतो. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेले तर कोलेस्टेरॉल उतरते, हे इतक्या वेळा सिद्ध झाले आहे की अमेरिका आणि युरोपातील अन्ननियामकांनी तसा मजकूर वेष्टनावर छापायला परवानगी दिली आहे. साधारण पाऊण वाटी जवाच्या दाण्यांतून एवढा तंतू मिळू शकतो. आपल्याकडचे सातूचे पीठ बहुधा गहू आणि डाळ घालून करतात, वर गूळ आणि दूध घालून खातात. मधुमेह्याने जवाचे प्रमाण वाढवावे आणि गुळाऐवजी ताक, मीठ, जिरे घालावे.

तिसरे, मूठभर सुका मेवा. स्पेनमधील एका मोठ्या चाचणीत ७,४४७ जण सहभागी होते आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांना मधुमेह होता. भाज्या, डाळी, फळे यांवर भर असलेल्या आहारासोबत एका गटाला रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम वगैरे दिले, तर दुसऱ्याला ऑलिव्हचे तेल. हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी राहिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील त्रुटी दुरुस्त करून २०१८ साली तो पुन्हा छापला गेला, तेव्हाही निष्कर्ष तोच राहिला. अक्रोड परवडत नसतील तर निराश होऊ नये. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे यांतही चांगली स्निग्ध द्रव्ये आणि कोलेस्टेरॉलला आतड्यातच अडवणारी वनस्पतिज स्टेरॉल असतात. जवसाची चटणी आणि ज्वारीची भाकरी, सोबत उसळ आणि पालेभाजी, हे ताट कुठल्याही परदेशी पथ्याच्या तोडीचे आहे.

काढा आणि गोळी

आयुर्वेदावर श्रद्धा असणे यात गैर काही नाही. गैर आहे ते लपवणे. पुष्कळ घरांत वडीलधारी माणसे काढा सुरू करतात आणि गुपचूप गोळ्या बंद करतात. साखर लगेच चढली नाही की ‘गुण आला’ असे वाटते. रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची गोळी बंद केल्याचे तर काहीच जाणवत नाही. धमनी मात्र आतून अरुंद होतच राहते.

उलट बाजूही आहे. दोन्ही एकत्र घेतले तर एकमेकांत ढवळाढवळ होऊ शकते. साखरेच्या काही गोळ्यांबरोबर कारल्याचा रस रोज घेतला तर साखर धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. मुंबईतील संशोधकांनी १९९४ साली दाखवले की गुग्गुळाच्या अर्काबरोबर प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही हृदयरोगावरची औषधे घेतली तर ती रक्तात कमी प्रमाणात पोहोचतात. म्हणजे गोळी घेऊनही पूर्ण लाभ नाही.

आणि निनावी पुड्यांपासून तर दूरच राहावे. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यांतील जवळजवळ २१ टक्के उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. मधुमेहाने आधीच नाजूक झालेल्या मूत्रपिंडांना हे झेपणारे नाही. ‘शंभर टक्के झाडपाला’ म्हणून दिलेल्या पुडीत चक्क इंग्रजी औषध कुटून घातल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. औषध घ्यायचेच तर ते नोंदणीकृत वैद्यांकडून, घटकद्रव्ये आणि परवाना क्रमांक छापलेल्या वेष्टनातूनच घ्यावे.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

• फक्त साखर मोजून थांबू नका. एचबीए१सी, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही तीन मापे एका वहीत लिहून ठेवा. बहुतेकांसाठी एचबीए१सी ७ च्या आत, रक्तदाब १३०/८० च्या आत आणि वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या आत असावे. हृदयविकार असेल तर ते ५५ च्या आत ठेवतात. वयस्कर माणसांसाठी नेमका आकडा डॉक्टर ठरवतील.

• रोज रात्री पाय पाहा. तळव्याला भेग, फोड, काळसर डाग दिसला तर घरगुती लेप न लावता दाखवा. चालताना पोटरीत दुखून थांबावे लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

• मधुमेह्याला अचानक धाप लागली, दरदरून घाम आला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला तर ‘गॅस झाला’ म्हणून वाट पाहू नका. छातीत दुखत नसले तरी इस्पितळ गाठा.

• तंबाखू, विडी, मशेरी पूर्ण बंद. धमन्यांसाठी यासारखे दुसरे औषध नाही.

• जो काढा, चूर्ण किंवा रस घेत असाल त्याचे वेष्टन डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. तसेच वैद्यांकडे जाताना गोळ्यांची चिठ्ठी न्या.

• डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही चालू गोळी थांबवू नका, मग साखर कितीही चांगली असो.

• रोज अर्धा तास झपाझप चाला. जेवणात निम्मे ताट भाज्यांनी भरा.

डॉ. सत्यवतींनी जुना ग्रंथ उघडला आणि त्यातला शब्द प्रयोगशाळेत पारखायला घेतला. त्यांच्या गुग्गुळाला पुढे अपेक्षेइतके यश मिळाले नाही, पण पारखण्याची ती रीत बरोबरच होती. मेटफॉर्मिनलाही त्याच रीतीतून जावे लागले, एम्पाग्लिफ्लोझिनलाही. आपल्या घरातल्या मधुमेही माणसासाठी आपणही तोच प्रश्न विचारायला हवा. हे औषध झाडाचे की कारखान्याचे, यापेक्षा याने किती जणांच्या धमन्या वाचल्या आणि ते कुणी मोजले? उत्तर मिळाले तर ते बिनधास्त घ्यावे. नाही मिळाले तर मेथीची भाजी आहेच.